धान्य आपलं, जातं कुणाचं?

टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक शब्द टंकला, एंटर दाबलं आणि संगणक स्वतःचीच चौकशी करत सुटला. सी भाषेचा कंपायलर आहे का? आहे. तो चालतो का? चालतो. पूर्णांक किती बाइटांचा? चार. अमुक फंक्शन आहे का? आहे. तमुक? नाही. एकेक ओळ सरसर वर सरकत होती आणि बहुतेकींच्या टोकाला छोटंसं ‘यस’ किंवा ‘नो’. जनगणनेची बाई दारात उभी राहून विचारते ना, भिंती विटांच्या की मातीच्या, नळ घरात की बाहेर, तसंच चाललं होतं. फरक इतकाच की इथे विचारणारं आणि उत्तर देणारं यंत्र एकच होतं.

जी गोष्ट बांधायची म्हणून ही चौकशी चालली होती तिचं नाव ओपनएसएसएच. हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीत ‘सर्व्हरला एसएसएच कर’ हे वाक्य चहाइतकं सवयीचं आहे. इथल्या कीबोर्डवर टंकायचं आणि ते दूर कुठेतरी, कदाचित दुसऱ्या खंडात, कधी न पाहिलेल्या संगणकावर उमटायचं. मधल्या वाटेवर कुणी कान लावून बसला असेल तर त्याच्या हाती निव्वळ कचरा लागायचा. जगातले असंख्य सर्व्हर रोज याच दारातून उघडतात.

हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. बहुतेक लिनक्स यंत्रांवर ते तयार मिळतं, जशी किराणा दुकानात पिठाची पिशवी मिळते. तरी काहीजण गहू आणतात, निवडतात आणि डबा घेऊन गिरणीत जातात. कारण पीठ कितीही पांढरंशुभ्र दिसलं तरी त्यात काय काय दळलं गेलंय ते नुसतं बघून सांगता येत नाही. धान्य मात्र ताटात पसरून खडा वेचता येतो. सोर्स कोड म्हणजे ताटात पसरलेलं धान्य, माणसाला वाचता येईल अशा भाषेतलं. कंपाईल केलेला प्रोग्रॅम म्हणजे पीठ, आणि ते दळणारा कंपायलर म्हणजे जातं. एका संध्याकाळी मीही माझ्या जुन्या लॅपटॉपवर हे दळण घातलं.

पण आधी हे धान्य कुठल्या शेतातलं ते सांगायला हवं.

१९९५. फिनलंडमधलं हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठ. तोवर दूरच्या संगणकावर जायचं म्हणजे टेलनेट वापरायचं, आणि टेलनेटवरून पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जायचा. तारेवर नजर ठेवणाऱ्या कुणालाही तो वाचता येई. त्या वर्षी विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी नेमकं तेच केलं. हजारो युजरनेम आणि पासवर्ड गोळा करणारा एक प्रोग्रॅम तिथे सापडला. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एक नवी पद्धत लिहून काढली आणि जुलै महिन्यात ती सगळ्यांना फुकट वाटली.

त्या दाराला क्रमांक हवा होता. इंटरनेटवर प्रत्येक सेवेला एक ‘पोर्ट’ असतो, चाळीतल्या खोलीच्या नंबरासारखा. फाइल पाठवायचा एफटीपी २१ नंबरात राहायचा आणि टेलनेट २३ मध्ये. मधली २२ नंबरची खोली रिकामी होती. युलोनेनने ती मागणारं ईमेल पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी ती त्याला मिळाली. ज्या दोघांना हटवायला हे सॉफ्टवेअर आलं, त्यांच्याच मध्ये त्याने बिऱ्हाड केलं. आजही एसएसएचचा पत्ता २२ हाच आहे.

पुढे युलोनेनने कंपनी काढली आणि नव्या आवृत्त्यांच्या परवान्यातल्या अटी वाढत गेल्या. तेव्हा ब्यॉर्न ग्रोनवाल या प्रोग्रॅमरने मागे जाऊन मोकळ्या परवान्याची शेवटची जुनी आवृत्ती उचलली आणि तिची डागडुजी सुरू केली. ते काम ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी पुढे नेलं. त्यांचा म्होरक्या थिओ डी राट कॅनडातल्या कॅलगरीत राहायचा आणि याचा मोठा फायदा होता. त्या काळी अमेरिकेतून गुप्तलेखनाचं सॉफ्टवेअर बाहेर पाठवण्यावर कडक निर्बंध होते. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ बरोबर ओपनएसएसएच पहिल्यांदा लोकांच्या हाती पडलं.

हे लोक एक गोष्ट शिस्तीने करतात. मूळ कोड ते फक्त स्वतःच्या ओपनबीएसडीसाठी लिहितात, साधा आणि आटोपशीर. लिनक्स आणि बाकीच्या यंत्रांवर तो चालावा म्हणून दुसरा एक गट त्याला जोडकाम करतो. त्या आवृत्तीच्या क्रमांकामागे ‘पी’ हे अक्षर लागतं, ‘पोर्टेबल’ म्हणजे कुठेही नेता येण्याजोगी. आपल्यासारखे लोक दळायला आणतात ते हेच पीवालं धान्य.

आता या धान्याच्या आत दडलेली जादू. दोन अनोळखी माणसं भर चौकात उभी आहेत, गर्दी त्यांचा शब्दन् शब्द ऐकते आहे. त्यांनी मोठ्याने बोलूनच आपसात एक गुपित ठरवायचं, जे गर्दीतल्या एकालाही कळता कामा नये. अशक्य वाटतं. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ते शक्य असल्याचं दाखवलं. करून बघायला कागद-पेन्सिल पुरते.

सगळ्यांदेखत नियम ठरला: ५ या आकड्याचा कुठला तरी घात करायचा, त्याला २३ ने भागायचं आणि फक्त बाकी सांगायची. मी मनात ३ धरला. ५ चा तिसरा घात १२५, त्याला २३ ने भागलं की बाकी १०. मी ओरडून सांगितलं, ‘१०!’ तुम्ही मनात ७ धरला. ५ चा सातवा घात ७८,१२५, बाकी १७. तुम्ही ओरडलात, ‘१७!’ आता मी तुमच्या १७ चा माझा गुपचूप तिसरा घात करतो: ४,९१३. बाकी १४. तुम्ही माझ्या १० चा तुमचा सातवा घात करता: बरोबर एक कोटी. त्याला २३ ने भागा. बाकी १४.

दोघांच्या हाती तोच आकडा आला आणि १४ हा शब्द चौकात कुणी उच्चारलासुद्धा नाही. गर्दीने ५, २३, १० आणि १७ ऐकले. माझा ३ आणि तुमचा ७ कुणीच ऐकला नाही. इतक्या लहान आकड्यांत गर्दीतला एखादा हुशार पोरगा एकेक घात करून बघत उत्तर काढेलही. पण ओपनएसएसएच अनेक वर्षं जी पद्धत वापरतं आहे, ती डॅनियल बर्नस्टाइन याने रचलेल्या एका वक्रावर चालते. तिथे २३ च्या जागी २ च्या २५५ व्या घातातून १९ वजा केलेली संख्या असते, तब्बल ७७ अंकी. तिथे एकेक करून बघत बसायला विश्वाचं वय अपुरं पडेल. उद्या क्वांटम संगणक आले तर हे गणितही फुटेल, या धास्तीने २०२२ पासून त्याच्या जोडीला दुसऱ्या जातीचं एक कोडंही घातलेलं असतं. लॉगिन करताना हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं.

या हिशेबात एक गोष्ट मात्र राहून जाते. चौकात माझ्यासमोर उभे आहात ते तुम्हीच, कशावरून? गणित गुपित जपतं, ओळख पटवत नाही. हे लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

दळणाकडे परत जाऊ. सोर्स कोडचं गाठोडं उतरवून घेतलं की आधी त्याच्यासोबतची सही तपासायची. ओपनएसएसएचची मंडळी प्रत्येक गाठोड्यावर त्यांच्या गुप्त किल्लीने सही करतात. आत एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही. गाठोडं सोडायचं आणि मग ती चौकशी सुरू करणारी कमांड द्यायची: ‘कॉन्फिगर’.

पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरं ती कुठून आणते, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. कुठलीही यादी ती बघत नाही. जवळपास प्रत्येक प्रश्नासाठी काही ओळींचा एक इवलासा सी प्रोग्रॅम लिहिते, तो कंपाईल करून बघते आणि पुसून टाकते. कंपाईल झाला तर ‘यस’, अडला तर ‘नो’. ‘तुला पोहता येतं का?’ असं विचारण्याऐवजी थेट विहिरीत ढकलून बघावं, तशातला प्रकार. मघाच्या प्रश्नांमध्ये ‘स्ट्रलकॉपी’ नावाचं एक फंक्शन होतं. अक्षरं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतताना ती बाहेर सांडू नयेत याची काळजी घेणारं. ओपनबीएसडीवाल्यांनीच ते कधीकाळी तयार केलं, पण लिनक्सच्या मुख्य सी लायब्ररीत यायला त्याला २०२३ उजाडलं. तोवर उत्तर ‘नो’ यायचं आणि ओपनएसएसएच म्हणायचं, असू दे, मी माझं घेऊन आलोय. गाठोड्यात अशा शिदोरीसाठी एक वेगळा फोल्डरच आहे.

पुढची कमांड ‘मेक’. इथे खरं जातं फिरतं. शेकडो फायली एकामागून एक कंपायलरच्या तोंडात जातात, यंत्राच्या भाषेतले तुकडे होऊन बाहेर पडतात आणि शेवटी ते एकत्र सांधले जातात. हाती येतात वेगवेगळे प्रोग्रॅम: आपल्या बाजूने हाक मारणारा ‘एसएसएच’, सर्व्हरवर दार राखणारा ‘एसएसएचडी’, किल्ल्या घडवणारा ‘कीजेन’, आणखी काही. चहा संपायच्या आत माझ्या जुन्या लॅपटॉपने दळण पुरं केलं.

‘मेक इन्स्टॉल’ करण्याआधी एक विचित्र मागणी पुरी करावी लागते. एक फोल्डर तयार करा, त्याच्यावर मालकी सर्वेसर्वा ‘रूट’ची ठेवा, आणि त्यात काहीही ठेवू नका. कधीच. त्याचं नावच ‘एम्प्टी’. रिकामी खोली कशाला हवी? जुन्या वाड्यात अनोळखी पाहुणा आला की त्याला आधी ओसरीवर बसवत. ओळख पटली की मगच माजघरात. नील्स प्रोव्होस या प्रोग्रॅमरने २००२ च्या सुमारास एसएसएचला हीच रीत लावली. लॉगिन व्हायच्या आधी परक्याशी बोलणारा भाग वेगळा काढला आणि अधिकार काढून घेऊन या रिकाम्या खोलीत कोंडला. परक्याने त्याला फितवलं तरी तिथे चोरायला काही नाही आणि आतलं दार बंद.

सर्व्हरवर हे काम दुरूनच करत असाल तर बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवल्यासारखं आहे. ज्या दारातून आत आलो तेच दार बदलायचं. अनुभवी लोक म्हणून एक जुनं सत्र उघडं ठेवतात, नव्या दाराच्या सेटिंगची फाइल आधी तपासून घेतात, नवं दार दुसऱ्या पोर्टवर उघडून बघतात. आणि हेही खरं की घरी दळलेलं पीठ आपलं आपण ताजं ठेवायचं असतं. उद्या एखादी चूक उघडकीला आली तर दुकानदार पिशवी बदलून देणार नाही. ते नव्याने दळायचं काम आपलं.

इथवर वाटतं, धान्य स्वतः निवडलं, स्वतः दळलं, आता निर्धास्त. तेव्हा तीन गोष्टी ऐका.

पहिली २००२ ची. जुलै संपताना कुणीतरी ओपनबीएसडीच्या सर्व्हरवरचं ओपनएसएसएचचं गाठोडंच बदललं. आतलं विष दळलेल्या प्रोग्रॅममध्ये नव्हतं, दळण्याच्या क्रियेत होतं. कंपाईल करताच ते एका दूरच्या यंत्राशी बोलायला जाई आणि तिथल्या माणसाला तुमच्या संगणकात शिरायची वाट करून देई. सावधपणे स्वतः दळून घेणारेच त्यात सापडले. गाठोड्यातल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा नोंदीतल्या आकड्याशी जुळेना म्हणून ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी ते पकडलं गेलं.

दुसरी २०२४ ची. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला अभियंता पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजत होता. मोजमापात अडथळा नको म्हणून यंत्र शांत करताना त्याला एसएसएचचं लॉगिन जड वाटलं. आधी ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७. अर्धा सेकंद. तुम्हीआम्ही ‘नेट स्लो आहे’ म्हणून सोडून दिलं असतं. तो खणत गेला आणि २९ मार्चला त्याने जगाला सांगितलं ते ऐकून सगळ्यांच्या पोटात गोळा आला. फायली आक्रसून ठेवणाऱ्या ‘एक्सझेड’ या साध्यासुध्या लायब्ररीत एसएसएचचं दार उघडणारी चोरवाट होती. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास कमावला होता. चोरवाट दडवली होती चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या नमुना फायलींत. तिला बाहेर काढणारी कळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती, फक्त वाटपाच्या गाठोड्यात होती. आणि ती कळ दाबली जायची कुठे? ‘कॉन्फिगर’ चालताना. त्याच यस-नोच्या धबधब्यात.

याच माणसाची एक करामत मी कधी विसरणार नाही. एका सुरक्षा-सोयीची चौकशी करणाऱ्या इवल्या प्रोग्रॅममध्ये त्याने एक पूर्णविराम घातला. नुसतं एक टिंब. त्यामुळे तो प्रोग्रॅम कधीच कंपाईल होणार नव्हता, उत्तर कायम ‘नो’ येणार होतं आणि ती सोय गुपचूप बंद राहणार होती. विहिरीत ढकलून बघायची परीक्षा, पण आधीच पाय बांधून ठेवलेले.

ओपनएसएसएचचा स्वतःचा कोड मात्र एक्सझेडला हातही लावत नाही. काही लिनक्सवाल्यांनी तयार पिशवी भरताना स्वतःची एक सोय जोडली होती आणि तिच्या पाठीवरून एक्सझेड आत आलं होतं. मूळ गाठोड्यातून स्वतः दळून घेणाऱ्याच्या पिठात हा खडा आला नसता. २००२ मध्ये दळणारे फसले, २०२४ मध्ये पिशवी आणणारे फसता फसता वाचले. नियम काढायला जावं तर निघत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जुनी. लहानपणी आईबरोबर गिरणीत जायचो तेव्हा डबा खाली ठेवण्याआधी ती हटकून विचारायची, ‘आधी काय दळलंय?’ मागचं दळण मिरचीचं असेल तर आपल्या पिठात तिखट उतरायचं. उपवासाच्या भाजणीत गव्हाचं पीठ मिसळलं तर उपास मोडायचा. धान्य कितीही निवडा, जात्याच्या पाळ्यांमध्ये काय उरलंय ते डब्यातून दिसत नाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसन याने ट्युरिंग पुरस्कार घेतानाच्या व्याख्यानात हाच प्रश्न मांडला, ते १९८४ मध्ये छापून आलं. त्याने असा कंपायलर दाखवला, जो लॉगिनचा प्रोग्रॅम दळायला आला की ओळखतो आणि त्यात गुपचूप चोरवाट मिसळतो. इतकंच नाही. त्याच्याकडे कंपायलरचाच स्वच्छ सोर्स कोड दळायला दिला, तर तोही तो ओळखतो आणि नव्या कंपायलरमध्ये हीच खोड उतरवतो. धान्यात कुठेच खडा नाही, पीठ मात्र पिढ्यान् पिढ्या नासकं. उदाहरणाला त्याने लॉगिनच निवडावं, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

यावर उतारे आहेत. डेव्हिड व्हीलर याने सुचवलेला एक तर आईला पटला असता: तेच दळण दुसऱ्या, अगदी वेगळ्या गिरणीतून काढायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. पण दुसऱ्या गिरणीवर तरी विश्वास हवाच. शिवाय कंपायलरच्या खाली प्रोसेसर आहे, प्रोसेसरच्या खाली तो घडवणारा कारखाना. तळ काही लागत नाही. मग स्वतः दळून मिळवलं काय? मला वाटतं, तळाला न पोचताही एक गोष्ट हाती आली. तयार पिशवीत भरवसा सगळा एकत्र बांधून येतो. दळताना तो सुटा होतो: इथे सहीवर, इथे कंपायलरवर, इथे चौकशीच्या एका ओळीवर. भरवसा टाकावा लागतोच, पण कुठे टाकला ते बोट ठेवून दाखवता येतं. फ्रॉइंडला अर्धा सेकंद खटकला, कारण एरवी किती लागतो हे त्याला ठाऊक होतं.

रात्री मी दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावर नवं दार उघडलं आणि लॅपटॉपवरून हाक मारली. मघाचा उरलेला प्रश्न लगेच समोर आला. या यंत्राची ओळख पटवता येत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, पुढे जायचं का? आजवर या प्रश्नाला मी न वाचता ‘यस’ म्हणत आलोय. कित्येक वर्षं. या वेळी उठलो, दुसऱ्या खोलीत जाऊन तिथल्या पडद्यावर तोच ठसा काढला, कागदावर उतरवला आणि परत येऊन लॅपटॉपशेजारी धरला. त्रेचाळीस अक्षरं, लहान-मोठी लिपी, मध्येच आकडे. बोट ठेवून एकेक जुळवत गेलो. सतराव्या अक्षरावर एल आणि आय यांच्यात घोळ झाला, म्हणून पुन्हा उठून बघून आलो. त्रेचाळिसावं जुळलं. मग ‘यस’ टंकलं.